गातोय, खोकतोय

८ जानेवारी, सोमवार

ही वही ताईनं दिली. म्हणाली, दिवसभर मनात कुढत बसतोस त्यापेक्षा लिहून टाक. ताईचं म्हणणं मी टाळत नाही. टाळलं तर ती तेच तीनदा म्हणते.

तर, नोकरी लागली. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून चार महिने झाले. हल्ली घड्याळ दुरुस्त कोण करतंय? बंद पडलं की फेकतात आणि नवं आणतात. शेहेचाळीसाव्या वर्षी मला कोण विचारणार असं वाटत होतं, पण सिलिंडर तपासायच्या कारखान्यात काम मिळालं. घरातले सिलिंडर नव्हेत. वर्कशॉपमध्ये, हॉस्पिटलात भिंतीला साखळीनं बांधलेले असतात ते, पुरुषभर उंचीचे, जाड लोखंडाचे. रिकामे झाले की आमच्याकडे येतात, तपासून पुन्हा भरायला जातात.

काम सांगायला सोपं. सिलिंडर लाकडी फळीवर उभा करायचा, छोट्या हातोडीनं त्याच्या पोटावर हलकंच ठोकायचं आणि ऐकायचं. आवाज स्वच्छ निघाला, लांबत गेला, तर माल चांगला. आवाज बसका आला, लगेच मेला, तर आत गंज आहे, नाहीतर तडा. चांगल्याला इथे ‘गातोय’ म्हणतात आणि वाईटाला ‘खोकतोय’. खोकणाऱ्यावर लाल खडूनं फुली मारायची. मग तो मागच्या शेडमध्ये पाण्याच्या दाबावर तपासला जातो. फुली न मारलेला सरळ भरायला जातो, आणि भरल्यावर तो फुटला तर आजूबाजूचं कोणी उरत नाही.

साहेबांनी मुलाखतीत माझे डोळे बांधले आणि पाच सिलिंडर ठोकून ऐकवले. पाचही बरोबर ओळखले. ते म्हणाले, कान आहे तुम्हाला. मी म्हटलं, वीस वर्षं घड्याळांच्या छातीला लावलेला कान आहे.

आईला सांगितलं. अर्धांगानंतर तिचं बोलणं गेलं, उजवा हातही गेला. डाव्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असतो. एकदा वाजवलं म्हणजे पाणी, दोनदा वाजवलं म्हणजे इकडे ये. नोकरीचं ऐकून तिनं सात-आठ वेळा वाजवलं. ताई आतून म्हणाली, झालं, वाजंत्री सुरू.

९ जानेवारी, मंगळवार

आम्ही ठोकणारे चौघं. सगळ्यात जुने उस्ताद, एकतीस वर्षं हेच काम. त्यांच्यानंतर चष्मेवाला, मग गप्प्या. हा अखंड बडबडतो म्हणून गप्प्या. शेवटी मी. पहिल्याच दिवशी गप्प्यानं माझं नाव टिकटिक ठेवलं. ठेवू दे.

इथली एक रीत आवडली. कुणाला एखाद्या सिलिंडरची शंका आली तर तो एकट्यानं ठरवत नाही. सिलिंडर मधल्या फळीवर आणायचा, चौघांनी भोवती उभं राहायचं, उस्ताद ठोकणार आणि निकाल देणार. मग चष्मेवाला, मग गप्प्या, मग मी. प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं. चार माणसांचे आठ कान, चूक व्हायचा प्रश्नच नाही.

उस्तादांची एकाग्रता बघण्यासारखी आहे. ठोकल्यावर डावा तळहात सिलिंडरला लावून ठेवतात आणि आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघतात. मग म्हणतात, गातोय. त्या नजरेनं माणूस ताठ उभा राहतो.

१७ जानेवारी, बुधवार

आज पहिल्यांदा सिलिंडर मधल्या फळीवर नेला. नंबर ४१७. मला तो स्पष्ट खोकल्यासारखा वाटला, फुटक्या मडक्यासारखा. उस्तादांनी ठोकलं, आमच्याकडे बघितलं, म्हणाले, गातोय. चष्मेवाला, गातोय. गप्प्या, गातोय. माझी पाळी आली तेव्हा तिघं माझ्याकडे बघत होते. कुणी रागानं नव्हे हो, नुसतं बघत होते. मी म्हटलं, गातोय.

तोंडातून शब्द गेला आणि मला खरंच वाटलं की मघाशी मी नीट ऐकलं नसेल. पलीकडे ट्रक सुरू होता. नवीन जागा आहे, कान बसायला वेळ लागणारच.

जेवताना गप्प्यानं पाठीवर थाप मारली. होतं असं सुरुवातीला, म्हणाला. बरं वाटलं. चार महिने कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नव्हता.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पंधरा दिवसांत पाच झाले. ४१७, ५३०, ८८, १२०६, ७४९. पाचही मला खोकणारे वाटले आणि पाचही वेळा तिघांना गाणारे. आता मी नंबर टिपून ठेवतो. एखाद्या कानाच्या डॉक्टरला दाखवता येतील, की बुवा, एवढ्या वेळा माझा कान चुकला.

पाचव्याला गप्प्या हसला आणि म्हणाला, टिकटिक, तुझं घड्याळ मागं पडलंय. सगळे हसले. मीही हसलो. उस्ताद जरा उशिरानं हसले, पण मनापासून हसले.

१० फेब्रुवारी, शनिवार

उस्ताद आज आले नाहीत, नातवाला ताप. गंमत म्हणजे दिवसभरात सात शंकेचे सिलिंडर मधल्या फळीजवळ जमले आणि एकाचाही निकाल लागला नाही. चष्मेवाल्यानं एक ठोकला, कान लावला, चष्मा पुसला, आणि म्हणाला, नंतर बघू. गप्प्याही दिवसभर गप्प. मग सातही तसेच रांगेत उभे ठेवले. सोमवारी उस्ताद येतील तेव्हा बघतील. एवढा मान एखाद्या माणसाला मिळणं म्हणजे सोपी गोष्ट नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाई म्हणाल्या, तुमच्या वयाच्या माणसाचे इतके चांगले कान मी यंदा बघितले नाहीत.

मी त्यांना नंबर दाखवले. त्यांना काही कळेना. म्हणाल्या, मग चुकतंय कोण? मी म्हटलं, बाई, तीन माणसं आहेत, त्यातल्या एकाला एकतीस वर्षांचा अनुभव. त्या म्हणाल्या, मला फक्त तुमचे कान तपासता येतात.

येताना वाटलं, कान खराब निघाले असते तर बरं झालं असतं. यंत्र लावलं असतं, सुटलो असतो. कान चांगले आणि ऐकू येतंय ते मात्र भलतंच, याचा अर्थ बिघाड कानात नाही, त्याच्या आत कुठेतरी आहे. ताईला रिपोर्टचं सांगितलं, पुढचं सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आता मी मधल्या फळीवर सिलिंडर नेणं सोडलंय. खोकल्यासारखा वाटला तरी स्वतःशी म्हणतो, तुला वाटतंय, आहे तसं नाही. नंबर मात्र लिहितो. अकरा झाले. गेले आठ दिवस कुणी मला टिकटिक म्हणून चिडवत नाही. साहेब म्हणाले, रुळलात हो.

झोप लागत नाही असं नाही, लागते. पण घरीही तसंच होऊ लागलंय. नळ गळतोय असं वाटतं, तर ताईला विचारतो, नळ गळतोय का गं? ती हो म्हणाली तर उठतो. शनिवारी दाराची बेल वाजली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. ती म्हणाली, अरे ऊठ की, बेल वाजतेय. ती वैतागली. माझ्याकडे आता निम्मंच लक्ष असतं तुझं, म्हणाली. खरं तर पूर्ण असतं. त्याचाच तर ताप आहे.

३ मार्च, रविवार

लिहायला जमत नाही, पण लिहितो.

दुपारी तीनच्या सुमाराला मी हॉलमध्ये इस्त्री करत होतो. ताई आणि शेजारच्या काकू मटार सोलत बसल्या होत्या. काकूंच्या सुनेची गोष्ट चालू होती, मोरीत कपड्यांचं मशीन चालू होतं. आई तिच्या खोलीत, दार लोटलेलं.

मला चमच्याचा आवाज आला. दोनदा.

मी इस्त्री उभी केली आणि विचारलं, आवाज आला का गं? ताईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “मशीनचा असेल, बटणं आपटतायत आत.” ताई म्हणाली, “हो, मशीनच असेल.” आणि पुन्हा मटार सोलू लागली.

मी इस्त्री उचलली. पुन्हा आला. दोनदा. या वेळी मी विचारलं नाही, नुसतं दोघींकडे बघितलं. काकू सुनेवरच होत्या. ताई मान खाली घालून शेंग सोलत होती, एकच शेंग बराच वेळ. म्हणजे नाहीच, असं मी स्वतःला सांगितलं. बिघाड आहे, तुला माहीत आहे तो कुठे आहे. तिसऱ्यांदा एकच आला, आणि हलका. मग मी शर्टाची कॉलर केली.

काकू गेल्यावर ताई आत गेली आणि ओरडली. आई पलंगावरून अर्धी खाली लोंबत होती. चमचा हातात तसाच घट्ट धरलेला. पेला दूर, कपाटापाशी घरंगळत गेलेला.

७ मार्च, गुरुवार

काल सकाळी आई गेली. पुन्हा झटका आला होता. तीन दिवस हॉस्पिटलात होती, शुद्धीवर आलीच नाही.

रविवारी दाखल करताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं होतं, त्रास सुरू होऊन किती वेळ झाला? त्यांनी हाक वगैरे मारली होती का? काकू सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, नाही हो, आम्ही सगळे बाहेरच बसलो होतो, काही आवाज नाही. ताई म्हणाली, नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, नाही.

त्यांनी तसं लिहून घेतलं. म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं कदाचित, पण तुम्हाला कळणार तरी कसं. मोठ्या मनाचा माणूस. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

चमचा हातात होता. म्हणजे माझ्या डोक्यात काही बिघाड नव्हता. हे मला रविवारी दुपारी तिच्या मुठीतून चमचा सोडवतानाच कळलं होतं. कळूनही मी नाही म्हणालो. दोघी आधी म्हणाल्या होत्या, दुसरं कारण नाही. शोधलं, सापडत नाही.

१८ मार्च, सोमवार

कामावर परत गेलो. सगळे जवळ आले, चार शब्द बोलले. गप्प्यानं माझ्यासाठी डबा आणला होता. माणसं वाईट नाहीत, आधी नव्हती, आताही नाहीत.

अकराच्या सुमाराला चष्मेवाल्यानं एक सिलिंडर मधल्या फळीवर आणला. बऱ्याच दिवसांत कुणी आणला नव्हता. आम्ही भोवती उभे राहिलो. उस्तादांनी ठोकलं. आवाज असा आला, जणू पोत्यावर काठी मारली. उस्तादांनी तळहात लावला आणि नेहमीसारखे एकेकाच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

ते बोलायच्या आत मी म्हटलं, “खोकतोय.”

धैर्य वगैरे काही नव्हतं. पाळी सोडून बोलायची माझी हिंमतही नव्हती. पण ‘नाही’ म्हणायचा इतका कंटाळा आला होता की पाळी यायची वाट बघवेना.

मला वाटलं आता हसतील. मग चष्मेवाला म्हणाला, “खोकतोय.” घशात अडकलेलं काही बाहेर यावं तसं म्हणाला. गप्प्या लगेच, “खोकतोय तर काय, केव्हाचा खोकतोय.” उस्तादांनी आमच्या तिघांच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, खोकतोय. खडू त्यांनीच घेतला आणि फुली मारली.

चष्मेवाल्यानं नंतर मला बाजूला घेतलं. म्हणाला, मला तो ४१७ पण तसाच वाटला होता रे. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, उस्ताद गातोय म्हणाले. आणि शेवटी तूही म्हणालास. तुझा कान साहेबांनी डोळे बांधून तपासलाय, मग मला वाटलं माझंच चुकलं.



१९ मार्च, मंगळवार

सुटल्यावर उस्ताद गेटपाशी थांबले होते. मी मागून हाक मारली, त्यांना कळलं नाही. समोर गेलो तेव्हा दचकले. आणि मग मीही दचकलो, कारण एवढ्या दिवसांत त्यांनी मागून आलेल्या एकाही हाकेला ओ दिली नव्हती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं. जेवणाची घंटा झाली की आम्ही उठल्यावर ते उठायचे. विनोदाला उशिरानं हसायचे.

“पाच वर्षं झाली,” ते म्हणाले. “उजवा पूर्ण गेलाय, डावा नावापुरता.”

मी विचारलं, मग निकाल कशावर देत होतात?

“तुमच्या तोंडांवर,” ते म्हणाले. “कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही की गातोय. पहिल्यांदा घाबरत दिला. सगळे हो म्हणाले. मला वाटलं, चला, हाताला कळतंय अजून.”

मी त्यांना सांगितलं की आम्ही आठी पडू देत नव्हतो, कारण तुम्ही बघत होता. त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. मी पुन्हा सांगितलं नाही. त्यांना साहेबांकडे घेऊन गेलो, आणि ही वही पण नेली. अकरा नंबर साहेबांनी उतरवून घेतले.

२ एप्रिल, मंगळवार

अकरापैकी आठ परत आले. मागच्या शेडमध्ये पाण्याच्या दाबावर सहा टिकले नाहीत. ४१७ कापून उघडला. आत गंजाचे पापुद्रे, एका जागी गंजानं पत्रा इतका खाल्लेला की गप्प्यानं बोट लावलं तर खड्ड्यात आत गेलं. तो एका हॉस्पिटलातून आला होता. दीड महिना कुणाच्या तरी पलंगाशेजारी उभा होता.

तीन मिळत नाहीत. ८८, ९६१ आणि १२०६. साहेब रोज फोन लावतात. कुठे आहेत कुणाला माहीत नाही. कुठेतरी उभे आहेत, भरलेले.

उस्तादांना आता कार्यालयात खुर्ची दिली आहे. निकाल प्रत्येकानं कागदावर लिहायचा, आणि शेवटी एकदम उघडायचे, असं ठरलंय. मीच सुचवलं. साहेब म्हणाले, फार हुशारीची कल्पना.

घरी आलो तर ताई आईचे कपडे आवरत होती. मी दारात उभा राहून विचारलं, त्या रविवारी तुला आवाज आला होता का?

तिनं हातातली साडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. टोकाला टोक जुळेना.

“तुझे कान केवढे तिखट,” ती म्हणाली. “तू कॉलर करायला लागलास. मग मला वाटलं, भासच झाला.”

मी आत जाऊन साडीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी घातली आणि कपाटात ठेवली. पेला अजून कपाटापाशीच ठेवलेला आहे, चमचा आत. काकूंना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.